वाटी बदलली म्हणजे नेमकं काय बदललं?

‘त्यांच्या सासूबाईंच्या दोन्ही वाट्या बदलल्या’, हे वाक्य हल्ली परभणीत, सेलूत, गंगाखेडला हळदीकुंकवाच्या बैठकीतसुद्धा सहज कानावर पडतं. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी हे ऑपरेशन म्हणजे मुंबई-पुण्याच्या पैसेवाल्यांचं काम होतं. आता गुडघेदुखीच्या मोफत तपासणी शिबिरांचे फलक तालुक्याच्या गावातही दिसतात. शेजारची कोणीतरी नांदेडला करून आलेली असते, कोणाची बहीण संभाजीनगरला, कोणाची जाऊ हैदराबादला.

पण मैत्रिणींनो, गंमत बघा. आपण ज्याला ‘वाटी बदलणं’ म्हणतो, त्यात वाटी अनेकदा बदललेलीच नसते! बदलतात ती मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीच्या हाडाचा वरचा पृष्ठभाग. वरच्या टोकाला धातूचं कवच बसवतात, खाली धातूची बैठक, आणि दोन्हींच्या मध्ये एका खास जातीचं प्लास्टिक. समोर जी हाताला गोल लागते ती खरी वाटी बहुतेकींची स्वतःचीच राहते. काही डॉक्टर तिची आतली बाजू तासून तिथे प्लास्टिकचं एक छोटं बटण बसवतात, काही तेही करत नाहीत.

मग एवढं ऑपरेशन होऊन, एवढा पैसा जाऊन, काही जणी वर्षभरानंतरही ‘दुखणं गेलं, पण जिना चढताना गुडघ्याच्या समोर कळ येतेच’ किंवा ‘गुडघा काटकोनाच्या पुढे वाकतच नाही’ असं का म्हणतात? त्याची कारणं अनेक असतात. पण त्यातलं एक मोठं कारण, ज्याबद्दल ऑपरेशनआधी कोणी विचारत नाही आणि नंतर कोणी सांगत नाही, ते म्हणजे ही वाटी नव्या सांध्यावर नेमकी कुठे बसली आहे, हे.

हे समजायला विहिरीवरची कप्पी आठवा. दोर कप्पीवरून जातो म्हणून घागर ओढणं सोपं जातं. मांडीचा मोठा स्नायू हा आपला दोर, वाटी ही कप्पी. वाटीच्या खालून एक जाड पट्टा निघतो आणि नडगीला जाऊन चिकटतो. आपण खुर्चीतून उठतो, जिना चढतो, तेव्हा मांडीचा स्नायू वाटीमार्फत नडगीला ओढतो. गुडघा वाकला की वाटी मांडीच्या हाडावरच्या खोबणीतून खाली सरकते, सरळ केला की वर येते. या वाटीवर येणारा भार ऐकला तर आश्चर्य वाटेल. सपाट रस्त्यावर चालताना तो वजनाच्या निम्माच असतो, जिन्यावर तिपटीच्या पुढे जातो आणि उकिडवं बसताना सात-आठपट होतो. साठ किलोची बाई उकिडवी बसून भांडी घासते तेव्हा त्या छोट्याशा हाडामागे चारशे किलोंच्या वर दाब असतो. जन्मभर चुलीपुढे, शेतात, धुण्याच्या दगडापुढे बसलेल्या बायकांचे गुडघे समोरूनच का कुरकुरतात, हे यावरून कळावं.

आता ही कप्पी जागेवरून सरकली तर? खूप खाली बसली, तर गुडघा वाकवताना ती नव्या सांध्याच्या प्लास्टिकला लवकर अडते. गुडघा पूर्ण वाकत नाही आणि समोर दुखतं. बाहेरच्या बाजूला कलली, तर खोबणीच्या काठावर घासत राहते, कधी ‘कट्’ आवाज करते, क्वचित घसरून बाहेरच जाते. आणि वाटी व बटण मिळून जाडी मूळच्यापेक्षा जास्त झाली, तर समोर सगळं ताणल्यासारखं वाटत राहतं.

वाटी खाली का बसते, याची दोन कारणं आहेत आणि दोन्ही वेगळी समजून घेतली पाहिजेत. एक कारण ऑपरेशन टेबलावरचं. डॉक्टरांनी मांडीच्या हाडाकडून जास्त कापलं आणि ती जागा भरायला खालून जाड प्लास्टिक बसवलं, तर दोन हाडांच्या मधला सांधा मूळच्या जागेपेक्षा वर जातो. वाटी आहे तिथेच राहते, पण सांधा वर गेल्यामुळे त्याच्या मानाने ती खाली येते. सांधा साधारण ८ मिलिमीटरपेक्षा जास्त वर गेला तर त्रास वाढतो, असं जुन्या अभ्यासांपासून सांगितलं जातं. ८ मिलिमीटर म्हणजे करंगळीच्या नखाएवढं अंतर. दुसरं कारण टाक्यांनंतरचं. वाटीखालच्या पट्ट्यामागे आतल्या आत जखमेचे व्रण धरतात, पट्टा आखडतो आणि वाटीला खाली ओढून धरतो. सुरुवातीच्या आठवड्यांत गुडघा हलवला नाही, मांडीचा स्नायू कामाला लावला नाही, तर हे होण्याची भीती जास्त. म्हणजे पहिलं कारण डॉक्टरांच्या हातात आणि दुसरं बरंचसं आपल्या आणि आपल्या घरच्यांच्या हातात.

वाटी वर आहे की खाली, हे मोजायची साधी पद्धत आहे आणि ती ५० वर्षांहून जुनी आहे. १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरीतल्या जॉन इन्सॉल आणि एदुआर्दो साल्वाती या दोन डॉक्टरांनी ती मांडली. गुडघा थोडा वाकवून बाजूने एक्स-रे काढायचा. वाटीची लांबी मोजायची, तिच्या खालच्या पट्ट्याची लांबी मोजायची. दोन्ही साधारण सारख्या असल्या की वाटी जागेवर. पट्टा वाटीच्या लांबीच्या ८० टक्क्यांहून कमी भरला तर वाटी खाली. फूटपट्टी आणि एक एक्स-रे, बास. यासाठी ना मोठं मशीन लागतं, ना मोठं शहर. (सांधा वर गेल्यामुळे वाटी खाली आली असेल तर मात्र पट्ट्याची लांबी फसवते. तेव्हा वाटी सांध्यापासून किती उंच आहे ते वेगळं मोजतात.)

हेच डॉ. इन्सॉल पुढे १९७४ च्या सुमारास आजच्या कृत्रिम गुडघ्याचा पूर्वज म्हणता येईल असा सांधा घडवणाऱ्यांत होते. त्यांच्याबरोबर एक भारतीय डॉक्टर होते, चित्तरंजन राणावत. हे नाव आपल्याकडे घरोघरी पोचलं ते ऑक्टोबर २००० मध्ये. पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन मुंबईत ब्रीच कँडी हॉस्पिटलमध्ये झालं, ते करायला डॉ. राणावत न्यूयॉर्कहून आले होते. जून २००१ मध्ये उजवा गुडघाही तिथेच झाला. त्या दिवसांत वर्तमानपत्रांत रोज वाजपेयींच्या गुडघ्याची बातमी असायची आणि आपल्या आज्या-मावश्यांना प्रथमच कळलं, की म्हातारपणचा गुडघा ‘असाच असतो’ म्हणून सोसायचा नसतो, तो बदलताही येतो.

तेव्हापासून आतापर्यंत या विषयावर जी काही जाहीर चर्चा झाली, ती मुख्यतः पैशांची. ती व्हायलाच हवी होती. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली. सर्वांत जास्त वापरला जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा तेव्हा सरासरी १ लाख ५८ हजारांना विकला जात होता, तो ५४,७२० रुपयांवर आणला. टायटॅनियमचा अडीच लाखांच्या घरातला ७६,६०० वर आला. जीएसटी वेगळा. सांध्याची किंमत, कंपनी, बॅच नंबर हॉस्पिटलने बिलात स्वतंत्र दाखवायचा, असंही ठरलं. मध्यमवर्गीय घरांना याचा मोठा दिलासा मिळाला, यात शंका नाही.

त्यानंतर योजनाही वाढल्या. महात्मा फुले जनआरोग्य योजनेची मर्यादा दीड लाखांवरून ५ लाख करण्याचा आणि ती सगळ्या रेशनकार्डधारकांना लागू करण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२३ मध्ये घेतला. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं पूर्ण केलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न न बघता, आयुष्मान भारतचं वय वंदना कार्ड मिळू लागलं. आयुष्मानच्या यादीत गुडघा प्रत्यारोपण आहे. मात्र ते कोणत्या हॉस्पिटलात आणि कोणत्या अटींवर होईल, हे त्या हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला भेटूनच पक्कं करावं, शेजारणीच्या अनुभवावर जाऊ नये.

एवढं सगळं झालं, पण या सगळ्यात हिशेब कशाचा झाला? धातूचा, खाटेचा, ऑपरेशनचा. आयुष्मान योजनेत हॉस्पिटलातून घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस धरलेले आहेत. गुडघा मात्र १५ दिवसांत तयार होत नाही. तो वळतो, सुटतो, ताकद धरतो ते पुढच्या दीड-दोन-तीन महिन्यांत, आणि वाटीखालचा पट्टा आखडायचा असेल तर तोही याच काळात आखडतो. म्हणजे पैशांची व्यवस्था जिथे संपते, तिथून बाईच्या गुडघ्याचं खरं काम सुरू होतं. माझ्या मते या सगळ्या धोरणातली सगळ्यांत मोठी फट हीच आहे.

परभणी जिल्ह्यातल्या बाईचं उदाहरण घ्या. ऑपरेशन नांदेडला, संभाजीनगरला किंवा हैदराबादला. चार-पाच दिवसांनी डिस्चार्ज. रेल्वेने किंवा भाड्याच्या गाडीने पाय लांब करून घरी. हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्टने दोन दिवस व्यायाम दाखवला, हातात एक कागद दिला, तोही बऱ्याचदा इंग्रजीत. घरी आल्यावर? जिंतूर किंवा सोनपेठ तालुक्यातल्या खेड्यातून आठवड्यातून तीनदा परभणीला फिजिओथेरपीसाठी कोण नेणार? मुलगा कामावर, सून कापूस वेचायला, नवरा म्हणतो, ‘आराम कर, एवढं मोठं ऑपरेशन झालंय’. भेटायला येणाऱ्या बायकाही तेच सांगतात. आणि ती बिचारी गुडघ्याखाली मऊ उशी घेऊन पडून राहते, कारण तसं पडलं की बरं वाटतं.

ओळखीतल्या एका काकूंचं असंच झालं. घरच्यांनी प्रेमापोटी दीड महिना पलंगावरून उतरू दिलं नाही. एक्स-रेमध्ये धातू झकास बसलेला, गुडघा मात्र सत्तर अंशांवर अडला. तिकडच्या हॉस्पिटलात फोन केला की ‘हळूहळू होईल’ एवढंच उत्तर. हळूहळू झालं काहीच नाही.

खरं तर गुडघ्याखालची ती उशी हाच सगळ्यांत गोड शत्रू आहे. तिच्यामुळे गुडघा अर्धवट वाकलेलाच आखडतो. उशी घ्यायचीच तर टाचेखाली घ्या, म्हणजे गुडघा आपोआप सरळ होतो. मांडीचा स्नायू आवळून गुडघा गादीकडे दाबायचा, पाच मोजायचे, सोडायचं. पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा. टाच गादीवरून घसरवत जवळ आणायची. हे दिवसातून तीन-चार वेळा, वेदनेची गोळी घेतल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने केलं तर जमतं. टाके सुकल्यावर वाटी बोटांच्या चिमटीत धरून हलकेच वर-खाली, आत-बाहेर सरकवायलाही फिजिओथेरपिस्ट शिकवतात. आपल्या विषयाच्या दृष्टीने हा फार महत्त्वाचा व्यायाम. तो डॉक्टरांना विचारूनच, आणि एकदा नीट शिकूनच करायचा. गरम तेलाने रगडून घेणारे गावोगाव आहेत, त्यांच्या हाती ताजा ऑपरेशनचा पाय देऊ नका.

परभणीत २०२३ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. ऑपरेशन कुठेही झालं तरी नंतरची तपासणी आणि व्यायाम जवळच्या सरकारी दवाखान्यात व्हावा, ही मागणी आता आपल्या महिला मंडळांनी, बचत गटांनी लावून धरायला हरकत नाही. उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून ठरलेल्या दोन दिवशी फिजिओथेरपिस्ट बसला तरी कितीतरी गुडघे वाचतील. कृत्रिम गुडघ्याच्या किमतीपुढे त्याचा खर्च तो काय!

आता नवी बातमी रोबोची. मोठ्या शहरांतल्या जाहिरातींत ‘रोबोटिक’ हा शब्द ठळक असतो आणि बिलातही. रोबोमुळे हाड ठरल्याप्रमाणे अचूक कापलं जातं, हे खरं आहे. सांधा वर-खाली होण्याची, तिरका बसण्याची चूक त्याने कमी होऊ शकते. पण रोबोने केलेल्या बायका हाताने केलेल्यांपेक्षा काही वर्षांनी जास्त सुखी असतात, असं अजून स्पष्ट सिद्ध झालेलं नाही. कर्ज काढून रोबो घ्यावा आणि मग फिजिओथेरपीला पैसे उरू नयेत, हे गणित मला तरी पटत नाही.

वाटीला बटण बसवावं की नाही, यावर तर डॉक्टरांमध्येच जुना वाद आहे. अमेरिकेत बहुतेक सर्जन बसवतात, स्वीडनमध्ये फार थोडे. बटण बसवलेल्यांना पुन्हा ऑपरेशनची वेळ कमी येते असं दिसतं, पण चालणं, वाकणं, समाधान यांत दोन्ही गटांत फार मोठा फरक आढळत नाही. वाटी किती खाली गेली तर किती त्रास होतो, याबद्दलही सगळे अभ्यास एका सुरात बोलत नाहीत. काही जणींची वाटी एक्स-रेत खाली दिसते आणि त्या मजेत फिरत असतात. म्हणून एक्स-रे पाहून उगाच धास्ती घ्यायची नाही. पण समोरचं दुखणं सहा महिन्यांनंतरही हटत नसेल, तर ‘वयानुसार आहे’ हे उत्तर मुकाट्याने घेऊनही यायचं नाही. जगभरच्या पाहण्यांत या ऑपरेशननंतर साधारण पाचातली एक व्यक्ती पूर्ण समाधानी नसते. चार जणी खूश असतात, हे आधी लक्षात घ्या. ऑपरेशन वाईट नाही, उत्तम आहे. पाचवीचं काय बिनसलं, ते मात्र शोधायला हवं.

बायकांच्या बाबतीत हे जास्त शोधायला हवं, कारण पन्नाशीनंतर गुडघ्याची झीज पुरुषांपेक्षा आपल्यात जास्त. कमरेचं हाड रुंद असल्याने आपल्या वाटीवरची ओढ आधीच थोडी बाहेरच्या बाजूला. त्यात आपण दवाखान्यात जातो तेव्हा पाय धनुष्यासारखे वाकून गेलेले असतात. लग्नकार्य उरकलं, सुगी झाली, नातवंड मोठं झालं, मग बघू! इतका वाकलेला पाय सरळ करताना डॉक्टरांचंही काम अवघड होतं.

तर ऑपरेशन ठरलं, की मुलाला पुढे करून आपण मागे बसायचं नाही. स्वतः विचारायचं. माझ्या वाटीची झीज किती आहे? वाटी समोरून, बाजूने कशी दिसते, त्याचा एक्स-रे काढलाय का? (गुडघा वाकवून वरच्या अंगाने काढतात त्याला स्कायलाइन एक्स-रे म्हणतात, त्यात वाटी खोबणीत मध्ये आहे की कललेली, ते कळतं.) तुम्ही वाटीला बटण बसवणार का, आणि का किंवा का नाही? घरी गेल्यावर व्यायाम कोण बघणार, परभणीत तुमच्या ओळखीचा फिजिओथेरपिस्ट आहे का? सहा आठवड्यांनी माझा गुडघा किती वाकायला हवा आणि नाही वाकला तर काय करणार? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही. चिडलाच, तर तेही आधी कळलेलं बरं.

गुडघा पहिल्या दीड महिन्यात काटकोनापर्यंत येत नसेल तर वाट बघत बसू नका, डॉक्टरांकडे जा. सुरुवातीच्या महिन्यांत अडलेला गुडघा भूल देऊन वाकवता येतो, वर्ष उलटल्यावर ते जमत नाही. ताप, टाक्यांतून पाणी, गुडघा लाल आणि गरम होणं किंवा पोटरी सुजून दुखणं, यापैकी काही झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. अचानक दम लागला किंवा छातीत दुखलं तर क्षणभरही न थांबता.

आणि घरी परतताना एक फाइल मागून घ्या. ऑपरेशनआधीचे आणि नंतरचे एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड, आणि सांध्याच्या खोक्यावरचं ते छोटं स्टिकर, ज्यावर कंपनी, माप आणि बॅच नंबर असतो. दहा-पंधरा वर्षांनी दुसऱ्या गावातल्या डॉक्टरला तुमच्या गुडघ्यात काय बसवलंय, ते त्या स्टिकरवरूनच कळणार आहे. एक्स-रे गादीखाली घडी करून ठेवू नका, लग्नाच्या अल्बमशेजारी सपाट ठेवा.